बिनफोडणीचा डिसेंबर

परवा सुपरमार्केटात पार्स्निप दिसलं. पांढऱ्या गाजरासारखी ही भाजी, चवीला गाजर आणि रताळं यांच्या मधे कुठंतरी अडकलेली. एरवी इथं ती क्वचितच दृष्टीस पडते, पण नाताळ जवळ आला की शिस्तीत ओळीनं येऊन बसते. सिंगापूरला ऋतू नाहीत असं सगळे म्हणतात आणि ते बऱ्यापैकी खरंही आहे. तरी मला डिसेंबर दरवर्षी कॅलेंडरच्या आधी भाजीच्या विभागातच भेटतो. बाहेर तीन दिवस धो धो पाऊस चाललेला, ईस्ट कोस्टच्या सायकलवाटेवर पाणी, घरात पंखासुद्धा नकोसा वाटावा इतका गारठा. गारठा म्हणजे तेवीस अंश. पुण्यात हे सांगितलं तर लोक हसतात.

मी ते पार्स्निप हातात घेऊन उगाच उभा राहिलो. मेधानं, माझ्या बायकोनं, लांबून ते पाहिलं, ट्रॉली वळवली आणि साबणांकडे निघून गेली. मी ते परत जागेवर ठेवलं. पण एकदा हातात घेतलेली गोष्ट अशी ठेवून देता येत नाही. घरी येईपर्यंत पाच वर्षांपूर्वीचा तो सगळा डिसेंबर माझ्याबरोबर बसमध्ये बसून आला होता.

त्या वर्षी मेधाच्या टॉन्सिलमागे गाठ निघाली. मेधा वन-नॉर्थला एका प्रयोगशाळेत काम करते. पेशी वाढवणं, त्यांचं बरंवाईट बघणं हे तिचं रोजचं काम. त्यामुळे रिपोर्ट तिनं माझ्या आधी वाचला आणि मला समजेल अशा भाषेत सांगितला. बरं व्हायची शक्यता चांगली आहे, पण सात आठवडे रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार, एक दिवस न चुकता. नोव्हेंबरच्या मध्याला सुरू, जानेवारीच्या सुरुवातीला संपणार.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी पुढं काय काय होईल ते शांतपणे सांगितलं. चव जाईल, लाळ आटेल, तोंड आतून सोलवटेल, गिळणं कठीण होईल. वजन फार उतरलं तर नाकातून एक बारीक नळी घालून पोटात अन्न सोडावं लागेल. मेधा एवढंच म्हणाली, "नळी नको." तिच्या वडिलांचा शेवटचा महिना तिनं त्या नळीसकट पाहिला होता. टॅक्सीत बसल्यावर ती पुन्हा तेच म्हणाली. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "नाही घालू देणार." वाक्य म्हणून ते फार सोपं होतं.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी पोह्यांना फोडणी घातली. मोहरी तडतडली, हिंग पडला, आणि आतल्या खोलीचं दार धाडकन बंद झालं. मी बघायला गेलो तर तिनं दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला होता. जिच्या फोडणीचा वास लिफ्टपर्यंत येतो म्हणून मजल्यावरच्या चिनी काकू कौतुकानं नाक वर करायच्या, तिला तो वास सहन होईना. त्या दिवसापासून आमच्या घरात फोडणी बंद झाली. मोहरीचा, जिऱ्याचा, हळदीचा डबा मी वरच्या कपाटात ठेवून दिला.

आता फोडणी काढून घेतली तर माझ्यासारख्याला मराठी स्वयंपाकातलं उरतं काय? वरण उरतं, मऊ भात उरतो, रव्याची खीर उरते. तीन दिवसांत माझी विद्या संपली. समोरच्या हॉकर सेंटरमधला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांमधला, माशाचा पातळ भात आठवडाभर चालला, मग त्यातलं आलंही तिला झोंबायला लागलं. मी चांगी बिझनेस पार्कात बँकेच्या यंत्रणा सांभाळणारा माणूस. एखादी गोष्ट बंद पडली तर का पडली याचा माग काढायचा, एवढंच मला येतं. इथं सगळं का बंद पडलंय ते मला माहीत होतं आणि करता काहीच येत नव्हतं.

तेव्हा पॅट भेटली. नवव्या मजल्यावर एकटी राहणारी, सत्तरी ओलांडलेली इंग्रज बाई, मूळची यॉर्कशरची, तीस वर्षं इथं मुलांना पियानो शिकवत होती. लिफ्टमध्ये तिनं मेधाची चौकशी केली आणि माझं रडगाणं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली की जगानं आमच्या जेवणाला बेचव म्हणून इतकी वर्षं नावं ठेवली, आता निदान कुणाच्या तरी उपयोगी पडू दे. दुसऱ्या दिवशी तिनं तिच्या आईच्या पाककृतींची वही मला आणून दिली.

ती वही वाचताना मला स्वयंपाकघरात पहिल्यांदाच आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मेधाला एखाद्या पदार्थाचं विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं: अंदाजानं, रंगावरून कळतं, वास सुटला की बंद कर. इथं सगळं वजनात आणि मिनिटांत होतं. बटाटे एक किलो, लोणी पन्नास ग्रॅम, दूध कोमट. मी त्याच दिवशी डिजिटल वजनकाटा आणला. आयुष्य हाताबाहेर गेलेलं असताना पन्नास ग्रॅम लोणी बरोबर पन्नास ग्रॅम भरतं, यात मोठा दिलासा होता.

पॅटच्या घरी मी शिकायला जायचो, दुपारी, मेधा झोपलेली असताना. पहिल्याच दिवशी तिनं केक हवा का विचारलं. मला भूक होती. मी रीतीप्रमाणे "नको, नको" म्हणालो आणि ती पुन्हा विचारेल म्हणून वाट बघत बसलो. तिनं डब्याला झाकण लावलं आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला. मी थक्क झालो. आपल्याकडे पहिल्या "नको"ला कुणी भीक घालत नाही. पंगतीत पानावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी पडतेच, आणि न पडली तर घरी जाऊन माणूस बोलतो. मेधाला हे सांगितलं तेव्हा ती हसली, आणि हसताना दुखलं म्हणून तिनं गळ्याला हात लावला. इंग्रज माणसं अशी कोरडी, असं मी म्हणालो. तिनं पाण्याची बाटली जवळ ओढली.

मग मी स्वयंपाकाला लागलो. लोणी-दूध घालून घोटलेला बटाटा, कांद्याच्या पातीसारख्या दिसणाऱ्या लीकचं सूप, पांढऱ्या सॉसमधली मासळी, दुधात दोन तास मंद आचेवर भाजलेला भात. त्याला राइस पुडिंग म्हणतात. वर जी तपकिरी साय धरते तिच्यासाठी पॅटच्या घरी भावंडांची मारामारी व्हायची म्हणे. आपल्याकडे कस्टर्ड म्हणजे पुडीतली पावडर, थंड आणि वर फळं. पॅटचं कस्टर्ड अंड्याचं, गरम, पुडिंगवर ओतायचं. चमच्याच्या पाठीला पातळ थर धरेपर्यंत ढवळत राहायचं, आणि अर्धा मिनिट जास्त झालं की फुटतं. माझी पहिली तीन कस्टर्डं फुटली. तिन्ही वेळा मी उभ्यानं, सिंकशी, ते फुटलेलं कस्टर्ड खाऊन टाकलं, कारण ते फेकायचं धैर्य मला झालं नाही.

डिसेंबर पुढं सरकला तसा मेधाचा आवाज गेला. ती फोनवर टाइप करून बोलायला लागली. एका शनिवारी मी मटणाच्या खिम्यावर घोटलेल्या बटाट्याचा थर देऊन तो भाजला आणि मोठ्या अभिमानानं सांगितलं की आज शेफर्ड्स पाय आहे. तिनं टाइप केलं, "मेंढपाळाचा? उजवा की डावा?" सानिका, आमची मुलगी, तेव्हा तेरा वर्षांची, खुर्चीवरून पडायच्या बेताला आली. त्या डिसेंबरात आम्ही तिघं एकदम हसलो ते तेवढंच.

यॉर्कशर पुडिंगची गोष्ट मात्र मी कुणाला फारशी सांगत नाही. वहीतलं ते पान ओलं होऊन शाई पसरली होती. मैदा, अंडी, दूध एवढं वाचता आलं. पॅटला फोन करायचा कंटाळा केला. पुडिंग म्हटल्यावर गोडच असणार, यात विचारायचं काय? मी शंभर ग्रॅम साखर घातली आणि आपल्याकडून म्हणून चार वेलदोडे कुटून टाकले. ते फुगलं नाही, पण मऊ झालं होतं. वहीत पुढं स्वच्छ लिहिलं होतं की यावर मांसाची ग्रेव्ही ओतून वाढावं. इंग्रजांचं काय सांगावं, असं म्हणून मी ओतली. मेधानं डोळे मिटून पाच घास खाल्ले आणि घोगऱ्या आवाजात, कष्टानं, म्हणाली, "छान झालंय." सानिकानं एक तुकडा तोंडात टाकला आणि तशीच सिंककडे धावली. मग मी चाखलं. वेलदोड्याचा गोड शिरा मटणाच्या रश्शात बुडवावा तसं ते लागत होतं.

मी ताटली हातात धरून उभा राहिलो. तिची चव गेलीये हे मला माहीत होतं, डॉक्टरांनी सांगितलंच होतं. पण माहीत असणं आणि आपल्या बायकोनं ते पाच घास गिळून "छान झालंय" म्हणणं यांत फार अंतर आहे. त्या दिवशी मला खरोखर भीती वाटली. इतके दिवस मी ज्या "छान"वर जगत होतो त्यातलं एकही खरं नव्हतं.

तरीही मी थांबलो नाही. उलट जास्तच पेटलो. चव लागत नसेल तर नसू दे, पोटात गेलं पाहिजे, कारण दर गुरुवारी हॉस्पिटलात तिला काट्यावर उभं करायचे. अठ्ठावन्नवरून चोपन्न, मग बावन्न. आहारतज्ज्ञ, एक तरुण चिनी मुलगी, आकडा लिहून घ्यायची आणि फार हळू आवाजात म्हणायची की आणखी दोन किलो गेले तर नळीचा विचार करू या. नळी तात्पुरती असते, बरेच जण घेतात, असंही ती म्हणायची. मी मान हलवायचो आणि घरी येऊन सगळ्यात साय जास्त, लोणी जास्त, अंडी जास्त घालायचो. गुरुवार ते गुरुवार एवढंच माझं जग उरलं होतं.

खायला घालताना मी पुरता मराठी होतो. एकच चमचा. हा सानिकाच्या नावाचा. हा शेवटचा, खरंच शेवटचा. ती वाटीवर हात आडवा धरायची आणि मी तो हलकेच बाजूला करायचो, लग्नात करतात तसा. एकेक घास गिळताना ती खुर्चीचा हात घट्ट धरायची, बोटांची पेरं पांढरी पडायची. मी ती पेरं बघायचो आणि चमचा भरायचो. दोन्ही एकाच वेळी कसं करत होतो, आता सांगता येणार नाही.

एका दुपारी सानिका मधे पडली. शाळेला वर्षअखेरची सुट्टी होती, त्यामुळे ती हे सगळं रोज बघत होती. "बाबा, शी डझन्ट वॉन्ट, लाह," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "कॅन यू जस्ट स्टॉप?" मी तिच्यावर खेकसलो. म्हणालो, आईला नळी लागली तर तुला चालणार आहे का? ती उठून आत गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. मेधानं मान खाली घालून उरलेलं कस्टर्ड संपवलं. मला वाटलं, बघ, जमतंय.

आणि जमलं. शेवटच्या गुरुवारी काटा पन्नास पूर्णांक चारवर थांबला. नळी लागली नाही. जानेवारीत रेडिएशन संपलं. मार्चमध्ये तिला मीठ कळायला लागलं, मग आंबट. गोड सगळ्यात शेवटी आलं. गाठ गेली, ती आजपर्यंत परत आली नाही. लाळ मात्र पूर्वीसारखी झाली नाही, तिखट कायमचं गेलं, आणि आमच्याकडे आता फोडणी होते ती नुसत्या जिऱ्याची. पॅट दोन वर्षांपूर्वी बहिणीकडे इंग्लंडला परत गेली. वही तिनं माझ्याकडेच ठेवली.

ही गोष्ट मी गेली पाच वर्षं लोकांना सांगत आलोय. गणपतीला जमलेल्या मंडळींना सांगितली, पुण्यातल्या नातेवाइकांना सांगितली, ऑफिसात कुणाच्या घरी असं दुखणं निघालं तर मुद्दाम बाजूला घेऊन सांगितली. शेवटचं वाक्य पाठच झालंय: डॉक्टर म्हणत होते नळी, पण आम्ही नळीशिवाय काढलं. ऐकणारे माझ्याकडे आदरानं बघतात. मेधा शेजारी बसून बाटलीतलं पाणी घोट घोट पीत असते. तिचं तोंड कोरडं पडतं म्हणून, असं मी समजत होतो.

आज रविवार. दुपारी पाऊस थांबेना, म्हणून म्हटलं राइस पुडिंग करावं. वहीतलं त्या पुडिंगचं पानही आता वाचण्यापलीकडे गेलंय, पण तेव्हा मी त्याचं माप मेधाला मेसेजमध्ये पाठवून ठेवलं होतं हे आठवलं. मी दूध तापत ठेवलं आणि ओट्याशी उभा राहून फोनवर मागं मागं जात राहिलो. वाढदिवस गेले, विमानाची तिकिटं गेली, सानिकाचे निकाल गेले, आणि तो डिसेंबर आला.

मी तेव्हा आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला जात होतो. जाण्यापूर्वी डबा भरून ठेवायचो आणि एक वाजता मेसेज करायचो. तेच मेसेज समोर होते. मी: "खाल्लंस का?" ती: "बास." मी: "शाब्बास!" दुसऱ्या दिवशी पुन्हा: "खाल्लंस का?" "बास आता." "शाब्बास! संध्याकाळी राइस पुडिंग." मी त्या "बास"चा अर्थ पोट भरलं असा घेत होतो. खाली आणखी एक होता, मंगळवारचा, सकाळी अकराचा. मी विचारण्याआधीच तिनं आपणहून पाठवलेला. "नळीचं विचारून बघ ना." आणि त्याखाली, दोन मिनिटांच्या आत, माझं उत्तर: "छे, तशी वेळ येऊच देणार नाही मी. काळजी करू नकोस."

मला हा मेसेज आठवत नाही. मी तो वाचला होता, उत्तरही दिलं होतं, आणि मला तो आठवत नाही.

मेधा बाहेर सोफ्यावर होती, टीव्ही बघत. मी फोन तिच्यासमोर धरला. तिनं चष्मा वर करून वाचलं. तिला वाचायचीही गरज नव्हती असं वाटलं.

"तूच म्हणाली होतीस ना, नळी नको म्हणून?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी म्हणाले होते. तेव्हा दुखत नव्हतं, शिरीष." मग थोडं पाणी पिऊन म्हणाली, "नंतर किती वेळा सांगितलं. हातानं सांगितलं, लिहून सांगितलं. तू पहाटे उठून अंडी फेटायचास. तुझ्याकडे बघून मग गिळायचे."

"मग ओरडली का नाहीस माझ्यावर?"

"ओरडायला घसा कुठं होता मला?"

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली, त्यात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं, वाद घातला असता, पाया पडलो असतो. मी म्हणालो की चूक झाली. ती म्हणाली, जाऊ दे, आता काय त्याचं, दूध बघ. आणि ती पुन्हा टीव्हीकडे वळली.

मी स्वयंपाकघरात आलो. दूध बघितलं, गॅस बंद केला. माझ्या हातून जे काही चांगलं झालं असं मी पाच वर्षं धरून चाललो होतो, ते ती एकेक चमचा सोसत होती. ते आता कुणाला सांगून, कशानं भरून काढायचं, मला कळेना. मला काहीच करता येण्यासारखं उरलं नव्हतं. फोन अजून हातात होता, तोच मंगळवार उघडा. मी तिच्या त्या नळीच्या मेसेजवर बोट दाबून धरलं, उत्तर द्यायची खूण आली, आणि मी टाइप केलं: "हो. आजच विचारतो."

बाहेरच्या खोलीत तिचा फोन वाजला. थोड्या वेळानं टीव्हीचा आवाज बंद झाला.